पोटात पाय

नोयाच्या खाडीला ओहोटी लागली की
हेर्मितास कंबरभर पाण्यात उतरते
लांब दांड्याचं दाताळं घेऊन, वाळू विंचरायला.
मोठ्या शिंपल्या पिशवीत, लहान परत पाण्यात.
त्रेचाळीस वर्षं.
हातावर पोट म्हणतात ना, ते हेच.
फक्त हिच्या बाबतीत
हातच थोडाथोडा पोटात गेला.

मार्चमध्ये ओळखपत्र बदलायचं होतं.
काचेवर अंगठा ठेवला, यंत्र नाही म्हणालं.
पुसून ठेवा, सेन्योरा.
पुसला. नाही.
डावा? डावाही नाही.
टेबलामागचा पोरगा ओशाळला,
इकडच्या बायकांचं होतं असं, म्हणाला,
आणि कुठल्याशा रकान्यात
काहीतरी लिहून मोकळा झाला.

मुलगी आल्दारा, सान्तियागोत,
बिनखिडकीच्या तळघरात सूक्ष्मदर्शक सांभाळते.
तिच्यासाठी आईनं मेयोनेजच्या बरणीतून
एक प्राणी आणला होता, दाताळ्यात अडकलेला:
राखाडी, बोटाच्या पेराएवढा, शंख नसलेला.
हात लावून बघ, आई म्हणाली,
मखमल आहे मखमल.
(तिच्या बोटांना ते कसं कळलं
हे आल्दारानं तेव्हा विचारलं नाही.)

मग नेहमीचं.
आधी गुंगी, मग मद्यार्काच्या चढत्या पायऱ्या,
पाण्याचा शेवटचा थेंब निघेपर्यंत.
आम्लापासून जपायचं,
नाहीतर आतला चुना विरघळतो
आणि हाती नुसती कातडी उरते.
शेवटी सोन्याचा मुलामा,
इतका पातळ की सराफानं हसून परत केला असता.

पडद्यावर करड्या रंगाचं रान उठलं.
मखमल कुठेच नाही.
बुरूजच बुरूज, खेटून उभे,
प्रत्येकाच्या कडेनं चुन्याच्या पाच-सहा सुया,
टोकं वर, भाल्यांसारखी,
आणि त्यांच्या मधोमध एक गोंडा,
केसाळ, मऊ,
काहीतरी ऐकत असल्यासारखा.
कोपऱ्यात पांढरी रेघ: वीस मायक्रॉन.

गोगलगाय अन् पोटात पाय, आपण म्हणतो,
गरीब चेहऱ्याच्या माणसाबद्दल, जरा कुत्सितपणे.
पण हिचे पाय पोटात आहेत ते उघड आहे,
ती चालतेच पोटावर.
लपवलंय ते पाठीवर,
सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

पिल्लू असताना हिलाही शंख असतो.
मग एके दिवशी ती तो टाकते
आणि पुन्हा घर बांधत नाही.
चुना मात्र सुटत नाही. सुया होऊन उगवतो,
मोडलेल्या घराच्या
अंगभर टोचून घेतलेल्या आठवणीसारखा.
हे शेवटचं वाक्य आल्दारानं अहवालात लिहिलं,
आणि खोडलं.
सुया नेमक्या कशासाठी? स्पर्शासाठी? बचावासाठी?
तिथे तिनं प्रश्नचिन्ह ठेवलं.

रविवारी ती घरी गेली
दातांच्या डॉक्टरकडचा निळा लगदा घेऊन.
आईचा अंगठा त्यात दाबला, साचा काढला,
सोमवारी त्यालाही सोनं चढवलं.

रेषा नव्हत्या.
एक सपाट मैदान, भेगाळलेलं,
कुठे पापुद्रे, कुठे खळगे,
आणि एका भेगेत रुतलेला
टोकदार, पांढरा
शिंपलीचा कण.
चुना.

रात्री तिनं फोनवर फोटो पाठवला.
आईनं चष्मा शोधला, फोन लांब धरला,
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, हा कुठला किनारा गं?
तुझा, आल्दारा म्हणाली.
बरं, आई म्हणाली. ठेव आता.
पहाटे साडेपाचला ओहोटी आहे.