गाळलेल्या जागा

फायाल बेटावर उतरलो तेव्हा माझ्याजवळ
नऊ लॅपटॉप, त्यातल्या एकाचा चार्जर बिघडलेला,
आणि तीन दिवसांत शिकवायच्या चार गोष्टी :
प्रश्न फोडा. नक्षी ओळखा.
नको ते गाळा. पायऱ्या लिहा.

शाळेच्या वाचनालयात अकरा शिक्षक.
फ्रेंचच्या बाई विणकाम घेऊन आलेल्या,
मी लूपची व्याख्या सांगेपर्यंत
त्यांचे दोन सुलट, दोन उलट
बाहीच्या कोपरापर्यंत पोचलेले.
इतिहासाच्या ग्रासिएत फुर्तादो, निवृत्तीला दोन वर्षं,
एवढंच म्हणाल्या, "समुद्र खवळलेला होता ना?
आधी सूप घ्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच आणली नोंदवही.
बेट सोडून अमेरिकेला गेलेल्यांची,
एकाच जहाजाची.
मी खूश. तक्ता आयताच!
नाव, वय, गाव, धंदा.
दोनशे सहा ओळी.
पुरुषांपुढे खलाशी, सुतार, खलाशी, मजूर.
बायकांपुढे
आडवी रेघ.

"रेघांचं काय करायचं?"
सवयीनं म्हणालो, शून्य भरा.
नाहीतर त्या ओळी गाळा, बेरीज अडते.

बाईंनी चष्मा काढला, पुसला,
आणि हातातच ठेवला.
"त्र्याण्णवावी ओळ माझ्या पणजीची बहीण.
अंजिराच्या फांदीतला गाभा काढून
नखाएवढी जहाजं कोरायची ती, शिडांसकट.
शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही.
रेघ म्हणजे विचारलंच नाही.
ही गल्लत तुमचं यंत्र करतं, की तुम्ही?"

प्रिंटरचा पंखा फिरत राहिला.
सुयासुद्धा थांबल्या होत्या.

मग आम्ही एक पायरी वाढवली, खडूनं, फळ्यावर :
रकान्यात रेघ असेल तर थांब,
"विचारलं नाही" असं लिही,
मग पुढे जा.
साधी अट. लिहायला दुपार लागली.
तत्त्वज्ञानाचे शिक्षक "थांब" या शब्दावरच
पाऊण तास अडून बसले.

तिसऱ्या दिवशी नववीचा वर्ग.
तेल्मो नावाच्या मुलानं रेघा मोजल्या, एक्क्याण्णव,
आणि हात वर केला :
"ही वही ज्यानं लिहिली
तो कुठल्या रकान्यात आहे?"

फुर्तादोबाई माझ्याकडे बघत होत्या.
मी खिडकीबाहेर.

शाळेत असताना मलाही असायचं,
गाळलेल्या जागा भरा, गुण पाच.
भराभर भरायचो.
कुणी गाळल्या,
ते विचारायला गुण नव्हते.