अकरा मीटर

सोळाशे टक्के मोठं केल्यावर दिसली ती फट.
तिकडच्या राज्याची फाईल इथं संपते,
इकडची सुरू व्हायला अकरा मीटर उशीर करते.
मधे पांढरं.

निपाणीच्या कचेरीत टेबलावर जुना कापडी नकाशा,
गुंडाळी होऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर
स्टेपलर, पाण्याची बाटली, माझा डबा
आणि मोजणीदार तळवारांचा चष्मा.
कडेला कुणीतरी मोडीत लिहून ठेवलंय :
येथे साखळी तुटली.
जोडल्याची नोंद कुठंच नाही.

शनिवारी गाडी काढली.
फोनमधला निळा ठिपका पाणंद सोडून
तंबाखूच्या खळ्यात शिरला, थरथरत थांबला.
फटीत एक बाभळ होती, एक शेळी,
पत्र्याची खोपी,
आणि बाळव्वा कमते, उन्हात पानं पालथी घालत.

म्हटलं, मावशी, तुमची ही जागा
कुठल्याच नकाशात नाही.
तिनं हात झटकले. मला शिंकांवर शिंका.
"आणि घरफाळा?" ती म्हणाली,
"त्यो बरा दोन्हीकडनं येतोय!"
मग शेळीला हाकललं,
कुठल्या राज्यात ते मी बघितलं नाही.

सोमवारी तळवार म्हणाले, त्याला बटण आहे की,
फटी आपोआप मिटतात.
दाबलं.
पडद्यानं विचारलं : डावीकडे की उजवीकडे?

साडेबाराच वाजले होते.
तरी मी नकाशाच्या कोपऱ्यावरचा डबा उचलला.
कापड सळसळलं,
बेळगावापर्यंत गुंडाळत गेलं.
हात दोनदा धुतले होते,
तरी भाकरीला तंबाखूचा वास.