शनिवार पुसताना

सप्टेंबर, सस्कॅचेवन. ओरेस्तच्या शेतातला गहू निघालाय,
धसकटं बुटांना टोचतात.
पाच ट्रक, पाच पिंजरे, थर्मासात मार्लीनची कॉफी,
जी कुणालाच आवडत नाही
नि सगळेच पितात.

ओरेस्त हात पसरून सांगतो :
पक्षी तीन. एक टेकाडाआड, एक तळ्यापल्याड,
तिसरा वाऱ्याच्या तोंडावर, अडीचशे मीटर, लव्हाळ्यात.
त्याचा कुत्रा सात वर्षांचा, फिती जिंकून बसलेला.
माझी दीडची.
तरी उन्हाळाभर मी मान डोलावत आले.
भीड भिकेची बहीण, हे कळतं मला,
पण माझ्यासाठी हीच माणसं उन्हात
खुर्ची टाकून बदकं भिरकावत बसली होती ना.

तिचं नाव स्लेट. काळीभोर.
शनिवारी सगळे मिळून तिच्यावर लिहितात :
आभाळातून पडतं, धाव.
पडतं, धाव.
पडतं, धाव.
सोमवारी मी एकटी, ओलं फडकं घेऊन.

घरामागच्या कुरणात फेकायला कुणी नसतं.
उजाडायच्या आत झुडपामागे डमी ठेवून येते,
तिने न पाहिलेली. मग नुसता माझा हात
आणि शिटी : बस. वळ. बघ. आता डावीकडे.
न दिसलेल्यावर विश्वास ठेवून पळायचं,
कुत्र्यालाही जड जातं ते.
मला तर अजून जमलेलं नाही.

ऑगस्टअखेर तिने शिटी ऐकली
आणि आभाळाकडे पाहिलं.
थांबली नाही. बरोबरच होतं तिचं.
दर आठवड्याला जे वरून पडतं
ते माझ्या तळहातात कशाला असेल?

रात्री वही काढली. जुलै :
पडताना पाहिलेले पक्षी चौऱ्याण्णव,
हाताने दाखवलेले अकरा,
आणि दुसऱ्याची पाळी असताना गप्प बसणं...
त्याचा रकानाच आखला नव्हता मी.

म्हणून आज म्हटलं, मला एकच द्या. जवळचा.
मग ती बसून बघेल.
ओरेस्त म्हणाला, तिकीट काढून सिनेमाला यायचं
आणि डोळे मिटून बसायचं!
सगळे हसले. मीही. कान मात्र तापले.

बसली. मार्लीनच्या कुत्र्याशेजारी,
नाकातून बारीक रडत, अंगभर थरथरत.
बदक पडलं. दुसरंच कुणी धावलं.
तिचे पुढचे पाय एक इंच सरकले,
मी तो एक इंच मागे घेतला.
अख्ख्या शनिवारात माझं काम एवढंच, एक इंच.

दोन्ही पारडी सारखी म्हणजे समतोल,
असं शाळेत घोकलं होतं. इथे तसं नाही.
या महिन्यात शिटीचं पारडं जमिनीला टेकवायचं,
पुढच्या महिन्यात तेच उचलायचं,
आणि कधी उचलायचं हे तराजू सांगत नाही.

हाल्दोर दातातली काडी काढून म्हणतो,
माझ्या जुन्या कुत्रीला मी फार थांबवलं.
शेवटी शेवटी ती अर्ध्या वाटेत आपणच उभी राहायची,
मागे वळून बघत,
शिटी कुणी वाजवलेली नसताना.
एवढं बोलून तो तळ्याकडे बघत राहतो.
मग म्हणतो, पुढच्या वेळी मी फेकतो.
तू सांगशील तेवढंच.

आता माझी पाळी, खुर्चीची.
अडीचशे मीटरवर, वाऱ्यात, लव्हाळ्यापाशी.
बदकाची हाळी देते, ओरेस्तचा तिसरा पक्षी
उंच उडवते, त्याला आवडतो तसा,
हातचं काही न राखता.

दूर ट्रकमध्ये, पिंजऱ्यात,
स्लेटला तो पाण्यावर आपटलेला ऐकू येतो.
एकदाच भुंकते.
वहीत लिहायला हवं.
कुठल्या रकान्यात, ते घरी गेल्यावर बघू.