कॉल

अण्णा मालगाडी चालवायचे.
रात्री दोनला कॉलबॉय सायकल टेकवायचा पेरूला,
वही पुढे करायचा: खंडवा, साडेतीन, सही.
दिवसा ते झोपले की
भुसावळच्या त्या दीड खोलीत
आई वाटणसुद्धा शेजारी जाऊन वाटायची.

आता तीच आई
माझ्या खिडकीला सोलापुरी चादर ठोकते भर दुपारी.
काल रात्री दोहा, परवा पहाटे गुवाहाटी,
मधले हे दोन दिवस, त्यातला एक झोपेचाच.
चारला भूक लागते.
पहाटेचे की दुपारचे, ते पोटालाही सांगता येत नाही.

मी आडवी. अण्णा चष्मा पुसून
माझ्या फोनवर रोस्टर वाचतात.
"रेस्ट किती?"
"बारा तास."
"चैन हाये. आमाले आठ."

मंगळवारी गच्चीवर उभे होते म्हणे,
रात्री सव्वाएकला, मी वरून जाणार तेव्हा,
जुना हातदिवा हिरवा करून.
"दिसला का?"

पस्तीस हजार फुटांवरून
अख्खं यार्ड म्हणजे
चुलीत विसरलेले चार निखारे.
मी म्हटलं, दिसला.
लॉगबुकात हे लिहायचं नसतं.

ते जरा गप्प.
"मंग हॉर्न काहून नही देला?"