पांढरी पट्टी

आठवडाभर मी माणसांना सांगते,
हनुवटी खाली, कान दिसू देत, हसू नका.
शहापुरात, जिन्याखालच्या स्टुडिओत
निळ्या पडद्यापुढं एक स्टूल.
पासपोर्ट, बारावीचा फॉर्म, आठ प्रती साठ रुपये.
शुक्रवारी रात्री डोळे मिटले
तरी चेहरेच, ओळीनं, कापून ठेवल्यासारखे.

म्हणून शनिवारी पहाटे सातेरीच्या स्प्लेंडरवर.
"कुठं जाऊलाईस?" आईनं खिडकीतून विचारलं.
जिथं कोणी नाही तिकडं, म्हटलं,
तर म्हणाली, डबा दोघांपुरताच देऊ का मग.

गोकाक मागं पडलं, मग ऊस मागं पडला,
कालवा एका गावाच्या पाटीपाशी थांबला.
अथणीत चहा. तिथून पुढं कानावरचं मराठी
विरळ होत गेलं, रस्त्याकडेच्या झाडांसारखं.
तेलसंगच्या पुढं डांबर सोडलं

आणि माळ.

मुरूम, चुनखडी, उललेली काळी जमीन,
एखादी देवबाभूळ, अंग चोरून.
लांब पवनचक्क्या, त्यातली एकच फिरत होती.
"ह्याला वाळवंट म्हणतात? वाळू कुठाय?"
वाळू ट्रकनं गेली, मी म्हटलं.
सातेरी हसला नाही. त्याचा मेव्हणा त्याच धंद्यात आहे.

दोन तास मी भेगा टिपल्या,
ओणवी होऊन, मग सरळ आडवी पडून.
एका भेगेत गोगलगाईचा शंख, आत वारा.
प्रत्येक चौकटीतून काहीतरी बाहेर काढलं:
विजेचा खांब, कुंपणाची तार, गुटख्याची पुडी,
एकदा सातेरीला.
रिकामं दिसायला फार आवरावं लागतं.

मग मेंढरं आली. आधी वास, मग धूळ, मग ती.
साठीची असेल, डोक्यावर कांबळं, त्या उन्हातसुद्धा.
"फोटो तगीतीरेनु?"
काढते की, म्हटलं, अशीच उभी राहा, मेंढरांसकट.
माझ्या डोळ्यापुढं कॅलेंडर छापून तयार होतं.
तिनं मान हलवली. कमरेच्या चंचीतून
पेन्शनचा अर्ज काढला, घडीवर घडी पडलेला.
कोपऱ्यात रिकामा चौकोन.

पांढरा पडदा हवा होता.
सातेरी शर्ट काढायला लागला.
थांब, म्हटलं.
एक वाजलेला. आभाळ इतकं उकळलं होतं
की त्यात निळं उरलं नव्हतं.
मी गुडघ्यावर बसले, खडे रुतले,
आणि तिच्यामागून सगळं निघून गेलं,
चक्क्या, बाभूळ, भेगा, दीडशे किलोमीटर.
माझं कन्नड स्टुडिओपुरतंच: किवी काणली.
तिनं कांबळं उतरवलं, पदर कानामागं घेतला.
एक कोकरू मध्ये आलं, ते पायानं सारलं
वरचा चेहरा न हलवता.
नगबारदु म्हणायची वेळच आली नाही.

दुड्डु एष्टु, तिनं विचारलं.
साठ, सवयीनं माझ्या तोंडून गेलं.
जीभ चावेतोवर दहाच्या सहा नोटा हातात.
परत देऊ लागले, तर सातेरीनं मराठीत आणलं:
अर्ज माझा, पैसे पण माझेच, म्हणतीय.
नाव मायव्वा.
पत्ता? तिनं मेंढरांकडं बघितलं, मग उन्हाकडं.
पौर्णिमेपर्यंत ऐगळी. पुढं पाणी असेल तिथं.

रविवारी आणखी भेगा. त्या अजून कार्डातच आहेत.
सोमवारी शटर उघडल्या उघडल्या तिचा काढला.
कापताना कडेला बोटभर पांढरी पट्टी उरली,
ती रोज टोपलीत जाते.
आज कात्री हातात धरून
तिच्यात मी थोडा वेळ चक्की शोधली, बाभूळ शोधली.

अथणी बसचा कंडक्टर म्हणाला, ऐगळीत पोचवतो,
पण आजच द्या.
पौर्णिमा परवा आहे.