खालच्या पाळीतले

वृद्धाश्रमातून राडमिला आली, एप्रन न उतरवताच,
हातात वहीचं फाडलेलं पान.
"टाकी मिळालीय देणगीत, एकशे वीस लिटरची.
सगळ्यांना विचारून यादी केलीय.
एवढे मासे बांधून द्या."

मी चष्मा लावला.
लिबुशेबाईंना गोल्डफिश,
सातव्या वर्षी जत्रेत जिंकलेला, घरी पोचेपर्यंत
पिशवीतच गेलेला, तसाच.
ट्राम चालवायचे त्या आजोबांना टायगर बार्ब.
जुळ्या बहिणींना एंजल,
त्यांच्याच खोलीतल्या तिसरीला निऑन: "निळे. पुष्कळ."
आणि अलोइस, एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला,
त्याच्या नावापुढे एकच शब्द, फायटर,
खाली दोन रेघा, पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत.

राडमिला, ही यादी नाही गं,
भांडण आहे.

गोल्डफिशला गारवा लागतो, निऑनला पंचवीस अंश ऊब.
एंजल येतो शीड उभारलेल्या होडीसारखा, दिमाखात,
पण तोंडात मावेल ते त्याला अन्नच,
आणि तो वाढला की निऑन नेमका तेवढाच भरतो.
फायटरची शेपटी झुलती, मखमली,
बार्ब ती कुरतडतात. रागाने नाही,
रिकाम्या बोटांना चाळा लागतो ना, तसे.

"पण सगळे गोड्या पाण्यातलेच ना?"
तू आणि तुझा नवराही एकाच हवेतले होतात.
ती हसली. घटस्फोटाला आता चार वर्षं झाली.
"म्हणजे माणसांसारखंच."
छे. माणूस दार आपटून निघून जातो.
टाकीला दार नसतं.

राडमिला काचेवर नख घासत राहिली.
"आमच्या दाराला आहे," म्हणाली,
"पण त्याचा आकडा फक्त आम्हालाच माहीत."

मग मी स्टूल ओढलं, तिला बसवलं,
आणि पानाच्या मागच्या बाजूला नव्याने लिहू लागले.
ओस्त्रावाच्या नळाला बेस्कीडी डोंगरातलं पाणी, मऊ.
गप्पी, मॉली नकोत, त्यांना जड पाणी मानवतं.
पाण्याचा स्वभाव बघून मासे आणावेत,
माशांपायी पाण्याला शिकवत बसू नये.
मधल्या थरात निऑन, बारा. पाच नकोत,
पाचांना एकमेकांची पाठ पुरत नाही.
तळाला कोरी, सहा, मिशाळ, गरीब.
खाली बारीक वाळू, खडी टाकलीस तर मिशा झिजतील.
आणि पहिले चार आठवडे
नुसतं पाणी, झाडं, चालू फिल्टर.

"चार आठवडे रिकामी टाकी?
बाई, आमच्याकडे चार आठवडे म्हणजे..."
माहीत आहे.
तरीही चार आठवडे.

नोव्हेंबरात फिल्टरचा स्पंज द्यायला मीच गेले.
सभागृहात कोबीच्या सूपाचा वास, टीव्ही बंद.
जुळ्या बहिणी माझ्याशी बोलल्या नाहीत.
लिबुशेबाईंनी बाही धरली: माझा कुठंय?
वाटेत आहे, राडमिला म्हणाली, रोज म्हणत असावी
इतक्या सहज.

अलोइसने फायटर मिळाला नाही म्हणून
दोन दिवस जेवणाचं ताट परत पाठवलं होतं म्हणे.
आता तो टाकीपुढे, बुटक्या खुर्चीत,
डोळे वाळूच्या रेषेत.
कोरी तळ उकरत होत्या, तोंडाने वाळू चाळत,
पाठीमागे धुळीचा छोटा ढग.
अचानक एक सुटली, सरळ वर, पृष्ठभागापर्यंत,
हवेचा एक घोट, आणि पुन्हा खाली, कामाला.
त्यांची सवयच ती.

त्याच्या गुडघ्यावर बोटं मिटत होती, एकेक.
जेवणाची घंटा झाली. खुर्च्या सरकल्या.
चला अलोइस, राडमिला म्हणाली, सूप निवतंय.

"पाच वर येऊन गेले," तो म्हणाला,
मान न वळवता.
"सहावा अजून खाली आहे."