दोन पिना

साखर पेठ, दुपारचे अडीच.
बटण दाबलं. काही नाही.
पुन्हा दाबलं, जरा जोरात,
जणू त्याला कमी ऐकू येतं.

रॅम काढली, फुंकली, बसवली.
मागचा खटका चालूच होता.
आठ महिन्यांची शिल्लक
काळ्या पेटीत गप्प.

नरसय्यामामा कारखान्यातून डबा खायला आले,
दंडावर कापसाची पिंज.
"माग अडला तर बटणाला काय विचारायचं?
धागा बघ की."

बटणामागची वायर चिमटीत धरून
तेलुगूत पुटपुटत आत आत गेले.
शेवटी ती सापडली,
चुकीच्या पंगतीत बसलेल्या पाव्हण्यासारखी.

मी स्क्रूड्रायव्हरचं टोक
शेजारच्या दोन पिनांवर टेकवलं.

पंखा फिरला.
मामांनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं,
"तोंड इकडं कर त्याचं."